पहिली कादंबरी छापून येतेय. आता ती वाचकापर्यंत न्यायची कशी? नाशिककरांनो, सांगा

निफाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी या मंचावर नुसता वाचत असतो, आज गरज पडली म्हणून चर्चेचा धागा काढतोय.

पुढच्या महिन्यात माझी पहिली कादंबरी येतेय. विषय लासलगावच्या कांदा बाजारातला. लिलाव पुकारणारा एक जण, हमाली करणारा त्याचा धाकटा भाऊ आणि निर्यातबंदीत सापडलेला एक हंगाम. पानं २४०, किंमत ३५० रुपये. प्रकाशक पुण्याचे आहेत. ५०० प्रती काढताहेत आणि त्यातल्या १०० मी ४० टक्के सवलतीनं विकत घ्यायच्या, असं करारात ठरलंय. परवा फोनवर म्हणाले, "आजकाल लेखकालाही थोडं फिरावं लागतं." थोडं म्हणजे किती, हे काही बोलले नाहीत.

घरच्यांचं म्हणणं, प्रकाशन समारंभ दणक्यात करू. हॉल, पाहुणे, शाली, हार, बटाटेवडा-चहा सगळं धरलं तर बऱ्यापैकी खर्च जातो. फेसबुकवर रोज टाकावं तर लोक वैतागतात, न टाकावं तर कुणाला कळत नाही. मित्रांचे "एक प्रत ठेव रे माझ्यासाठी" असे निरोप आत्तापासूनच यायला लागलेत आणि त्यात पैशांचा उल्लेख कुणीच करत नाही.

मला एवढंच विचारायचंय. माझी ओळख नसलेल्या माणसानं पैसे देऊन हे पुस्तक घ्यावं आणि वाचावं, यासाठी नाशिकमध्ये राहून काय काय करता येतं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. ज्यांनी पैसे घालवलेत त्यांनी तर नक्कीच सांगा.

कोथरूडी

अभिनंदन आणि पुढील लेखनास शुभेच्छा! रुमाल टाकून जागा धरून ठेवतो.

नाठाळ

लेखकानं लिहावं. विकणं हे प्रकाशकाचं काम. तेही लेखकानंच करायचं असेल तर प्रकाशक नेमकं काय करतो? छापखाना तर सातपूरलाही आहे. १०० प्रती तुमच्याच गळ्यात मारल्या म्हणजे एकपंचमांश आवृत्ती त्यानं छापायच्या आधीच विकली. तुम्ही त्याचे लेखक कमी आणि गिऱ्हाईक जास्त.

निफाडी

नाठाळ, हे मलाही कळतंय हो. पण करारावर सही झालीय. आता पुढचं बोला.

पुस्तकविक्या

पुस्तकांच्या दुकानात उभं राहून आयुष्य चाललंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिल्यांदा हिशेब करू. ३५० ची प्रत तुम्हाला २१० ला पडणार. ती तुम्ही माझ्या दुकानात ठेवलीत तर माझं कमिशन ३५ टक्के, म्हणजे तुमच्या हातात २२७ रुपये ५० पैसे. प्रतीमागे सुटले साडेसतरा रुपये, तेही पुस्तक विकलं गेल्यावर आणि मी हिशेब वेळेवर केला तर. (आमच्या धंद्यात हिशेब वेळेवर होतो असं मी स्वतःसुद्धा म्हणणार नाही.) म्हणून तुमच्या १०० प्रती दुकानांत वाटत बसू नका. दुकानात माल प्रकाशकाच्या उरलेल्या ४०० मधून येऊ द्या, वितरणाचं काम त्याला करू द्या. तुमच्या १०० तुम्ही स्वतःच्या हातानं विका. ३०० ला दिली तरी ९० रुपये सुटतात आणि घेणाऱ्यालाही सवलत मिळाल्याचं समाधान.

आता दुकानात पुस्तक कसं जातं ते ऐका. एक तर गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं किंवा समोर दिसलं म्हणून उचलतं. नवं पुस्तक काही आठवडे टेबलावर पालथं-उताणं पडून असतं, तेव्हा मुखपृष्ठ काम करतं. नंतर ते कपाटात उभं राहतं आणि मग जगाला दिसतो फक्त कणा. निम्म्या मराठी पुस्तकांच्या कण्यावरचं नाव चष्मा लावूनही वाचता येत नाही. तुमचं मुखपृष्ठ अजून छापखान्यात गेलं नसेल तर आजच प्रकाशकाला फोन करा आणि कण्यावरचं अक्षर ठसठशीत करायला सांगा. दुसरं म्हणजे मलपृष्ठ. तिथे लेखकाचा फोटो, शिक्षण, नोकरी आणि मिळालेले तालुका पातळीवरचे पुरस्कार टाकू नका. लिलावातला एखादा उतारा टाका, दहा ओळींचा. हातात पुस्तक घेतलेला माणूस ते उलटं करून वाचतो आणि तेवढ्यात काय ते ठरवतो. हे मी रोज बघतो.

आणि एक विनंती आहे. पोस्ट टाकताना फक्त ऑनलाइनची लिंक टाकता आणि मग महिन्याभरानं दुकानात येऊन विचारता, "आमचं पुस्तक संपलं का?" दुकानाचंही नाव लिहा की. चार माणसं विचारायला आली तर मी ते पुस्तक पुन्हा टेबलावर आणतो. कुणीच विचारलं नाही तर मला तरी ते आठवणार कसं?

निफाडी

बापरे. साडेसतरा रुपयांचा हिशेब मी केलाच नव्हता. कण्यासाठी उद्याच फोन करतो. धन्यवाद.

पेटीवाली

समारंभाबद्दल माझं मत सांगते. हौस म्हणून करायचा असेल तर जरूर करा, पहिलं पुस्तक आहे. पण त्यातून वाचक मिळतील असं समजू नका. तिथे येतात ते तुमचे ऑफिसवाले, भावकी, सोसायटीवाले आणि पाहुण्यांचे लोक. त्यांनी पुस्तक घेतलं तरी ते तुमच्यासाठी घेतलेलं असतं.

वाचक कुठे असतात ते सांगू? आमच्याकडे 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पुस्तकांची पेटी येते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये नाशिकमधूनच ही योजना सुरू केली, पुढे पेट्या पार दुबईपर्यंत गेल्या. एका भागात एक पेटी, ठरावीक महिन्यांनी ती बदलते. त्यातलं पुस्तक कुणी विकत घेतलेलं नसतं, तरी ते हातोहात फिरतं आणि त्यावर बोललं जातं. आमच्या इमारतीत एका पुस्तकावरून जिन्यात उभं राहून वाद झालेत. आणि फुकट वाचून झाल्यावर तेच पुस्तक दोघी-तिघींनी लेकीसुनांना द्यायला विकत घेतल्याचंही मी पाहिलंय. म्हणून वाचनालयात किंवा पेटीत गेलेली प्रत म्हणजे एक गिऱ्हाईक बुडालं असं मानू नका.

दुसरं, आमची पुस्तक भिशी आहे. दरमहा पैसे काढतो, जिच्या नावाची चिठ्ठी निघते ती त्या पैशांची पुस्तकं घेते. अशा भिश्या आता बऱ्याच ठिकाणी आहेत. आम्ही लेखकांना बोलावतो, पण अट अशी की आधी आम्ही वाचणार आणि मग तुम्ही यायचं. काही लेखकांना हे आवडत नाही. त्यांना न वाचलेल्या लोकांसमोर 'माझा लेखनप्रवास' सांगायला आवडतं, तासभर.

नाठाळ

म्हणजे लेखकानं आता भिशीला जायचं. उद्या हळदीकुंकवाला पाठवाल.

पेटीवाली

पाठवू की. वाण म्हणून पुस्तकं लुटतात हल्ली, तुम्हाला खबर नाही वाटतं. पन्नास बायका असल्या तर पन्नास प्रती एकदम जातात. तुमच्या कुठल्या समारंभात गेल्या होत्या एवढ्या?

कोथरूडी

=)) ताई, सिक्सर.

अक्षरखेळ

मी पुस्तकांबद्दल इन्स्टावर लिहिते, रील करते. फॉलोअर फार नाहीत पण जे आहेत ते वाचणारे आहेत. माझ्याकडे आठवड्याला लेखकांचे निरोप येतात, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगते.

नव्वद टक्के निरोप एकसारखे असतात. "नमस्कार, माझे पुस्तक प्रकाशित झाले आहे, कृपया रिव्ह्यू करावा, सोबत पीडीएफ जोडत आहे." मी काय वाचते, हे त्यांनी एकदाही पाहिलेलं नसतं. त्याऐवजी "तुम्ही अमुक पुस्तकाबद्दल असं लिहिलं होतंत, माझ्या पुस्तकातही बाजार आहे, पण तो आतून पाहिलेला आहे" असं कुणी दोन ओळी लिहिलं तर मी स्वतः विकत घेऊन वाचते. खरंच.

दादा, तुमच्याकडे तर सोन्यासारखा ऐवज आहे. लिलावाची पुकार! मुखपृष्ठाच्या फोटोवर संगीत लावून 'लवकरच येत आहे' असलं काही करू नका. बाजार आवारात, मागे ट्रॅक्टरच्या रांगा आणि तुम्ही तुमच्या निफाडच्या बोलीत अर्धं पान वाचताय, बस. एका मिनिटाच्या आत. शेवटी पुस्तकाचं नाव आणि कुठे मिळेल ते. महिन्यातून अशी तीन-चार झाली तरी पुरे, रोज नको.

व्हॉट्सअ‍ॅपचं एक लक्षात ठेवा. ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात आणि निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. त्यामुळे 'पाचशे लोकांना पाठवलं' या भ्रमात राहू नका. ग्रुपवर टाकलेल्या पोस्टला येणारे हात जोडलेले इमोजी हे वाचक नव्हेत, हेही सांगून ठेवते.

आणि कृपा करून बायको, मेहुणा आणि ऑफिसच्या शिपायाकडून पाच चांदण्या देऊन घेऊ नका. अ‍ॅमेझॉनच्या नियमात घरच्यांनी-मित्रांनी दिलेले अभिप्राय बसत नाहीत, ते काढले जातात. राहिले तरी "अप्रतिम! वाचायलाच हवं असं पुस्तक!!" या एकाच ओळीचे अकरा अभिप्राय पाहिले की माझ्यासारखी माणसं लगेच पुढे सरकतात. कुणी तीन चांदण्या देऊन नीट चार परिच्छेद लिहिले असतील तर मी थांबते.

पैसे घेऊन पोस्ट करणारेही भेटतील. करायचं तर करा, पण ती जाहिरात आहे असं त्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. आणि ते खातं मराठी पुस्तकांचं आहे की मिसळीचं, हे बघून घ्या.

पुस्तकविक्या

मिसळवाल्यांचे फॉलोअर जास्त असतात, खरंय.

पंचवटीकर

नाठाळसाहेब, लेखकानं लोकांत जाणं ही काही रीलच्या जमान्यातली टूम नव्हे. व्यंकटेश माडगूळकर, मिरासदार आणि शंकर पाटील हे तिघे गावोगाव कथाकथन करत फिरले, ते काय प्रकाशकानं ढकललं म्हणून? विंदा, बापट आणि पाडगावकरांनी कविता वाचत महाराष्ट्र पालथा घातला. ज्या घरात कवितेचं पुस्तक येण्याची शक्यता नव्हती त्या घरात त्यांच्यामुळे कविता गेली. त्याच्याही आधी श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी रीतसर कंपनी काढली, तिचे शेअर विकले, वर्गणीदार मिळवत गावं पालथी घातली. तेवीस खंडांचं काम घरात बसून "विकणं माझं काम नाही" म्हणत झालं नसतं.

आणि आपल्या नाशिकचंच सांगतो. तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा 'विशाखा' हा कवितासंग्रह १९४२ साली आला तो वि. स. खांडेकरांनी पुढाकार घेतला म्हणून. तात्यासाहेबांच्या कविता वाचून ते भारावले, संग्रह त्यांनी स्वखर्चानं काढला, प्रस्तावना लिहिली. त्या वेळी खांडेकरांचं नाव मोठं होतं आणि कुसुमाग्रज तिशीतले. आज आपल्या गावात किती प्रस्थापित लेखक दुसऱ्याच्या पुस्तकासाठी असं उभे राहतात? प्रकाशनाला पाहुणे म्हणून येतात, पुस्तक गाडीत चाळतात आणि व्यासपीठावर स्वतःबद्दल बोलतात. निफाडीसाहेब, तुम्ही स्वतःच्या पुस्तकाबद्दल जितकं लिहाल त्याच्या दुप्पट दुसऱ्यांच्या पुस्तकांबद्दल लिहा. लोक तुम्हाला आधी वाचक म्हणून ओळखू देत.

अवांतर: मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला येता का? यशवंतराव महाराज पटांगणात रोज संध्याकाळी तिथे बसणारी जी म्हातारी मंडळी आहेत ना, ती पुस्तकं विकत घेतात. पेन्शनमधून घेतात. त्यांच्याकडे इन्स्टा नाही.

नाठाळ

काका, उदाहरणं बिनतोड, पण एक गोष्ट तुम्ही गाळलीत. मिरासदार, शंकर पाटील हे मुळात सांगणारे होते. व्यासपीठ त्यांचं होतं. ज्याला चार माणसांत बोलता येत नाही, ज्याच्या पुस्तकात सांगण्यासारखी गंमत नाही, पण लिहिलेलं खोल आहे, त्यानं काय करायचं? तुमच्या या सगळ्या व्यवस्थेत बोलघेवडा लेखक तरतो आणि मुखदुर्बळ मरतो. रील आलं तरी तेच, कथाकथन होतं तेव्हाही तेच. बोलता येणं आणि लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणीतरी मान्य करा.

पेटीवाली

हे मात्र मान्य. आमच्याकडे आलेल्या एक लेखिका तासाभरात जेमतेम दहा वाक्यं बोलल्या असतील. पण आम्ही सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं होतं, त्यामुळे बोलण्याचं काम आमच्याकडे होतं. त्या ऐकत होत्या, मधूनच "हो, असंच होतं मनात" एवढंच. त्यांच्या पुढच्या पुस्तकाची आम्ही अजून वाट बघतोय. 'आधी वाचा, मग बोलवा' ही अट मुखदुर्बळांच्या सोयीचीच आहे बघा.

पंचवटीकर

नाठाळसाहेब, मुद्दा रास्त आहे. जुन्या पुस्तकांत मनोगताखाली लेखकाचा घरचा पत्ता छापलेला असे. पत्र येई, लेखक उत्तर देई. ज्याला बोलता येत नाही त्याला पत्र तर लिहिता येतं. आता पत्ता नका छापू, पण ईमेल छापा आणि आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्या. "धन्यवाद, लोभ असावा" असलं छापील उत्तर नको, त्यानं जे लिहिलंय त्याला धरून.

ग्रंथपालबाई

उशिरा आले, पण माझ्या कामाचा विषय आहे. तालुक्याच्या वाचनालयात आहे मी.

मराठी लेखक वाचनालयांना दोन प्रकारे भेटतात. एक तर 'सप्रेम भेट' लिहिलेली प्रत टेबलावर ठेवून फोटो काढतात किंवा मार्चअखेरीला "बाई, दहा प्रती लावा ना" म्हणून येतात. दोन्हींत वाचनालय कसं चालतं याची चौकशी नसते.

आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे अनुदान येतं आणि त्यातला ठरलेला हिस्सा पुस्तकांवर खर्च करावा लागतो. अनुदान हप्त्यानं आणि उशिरा येतं, म्हणून खरेदी वर्षअखेरीला उरकते. ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं. त्या यादीसाठी पुस्तक मुदतीत पाठवणं हे प्रकाशकाचं काम, पण बरेच जण पाठवतच नाहीत आणि लेखकाला ते कळत नाही. तुमच्या प्रकाशकाला स्पष्ट विचारा, पाठवणार आहात का, कधी? तसंच १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, त्याही गेल्या का ते बघा. पन्नास वर्षांनी कुणी शोधायला गेलं तर पुस्तक तिथे सापडलं पाहिजे.

जे स्वतः पुस्तक काढताहेत त्यांच्यासाठी: आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन. त्याचे हजारो रुपये मागणारे लोक नाशिकमध्येही आहेत, त्यांना लांबूनच नमस्कार करा. पहिल्या पुस्तकासाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. निफाडीसाहेबांना आता उपयोग नाही, पण धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ड्रॉवरमध्ये हस्तलिखित पडलेलं असेल तर बघा.

आणि दहा प्रती लावा म्हणण्यापेक्षा, एक प्रत आम्ही घेतो, तुम्ही एका संध्याकाळी येऊन त्यातलं वाचा. सावानाचं, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं औरंगाबादकर सभागृहच पाहिजे असं नाही. १८४० पासून चाललेलं ते वाचनालय आपलं भूषण आहेच, पण तिथे कार्यक्रमांची गर्दी असते आणि तेच तेच श्रोते. सिन्नर, चांदवड, मनमाड, इकडच्या वाचनालयांत लेखक फिरकतच नाहीत. आमच्याकडे कुणी आलं की लोक त्याचं अप्रूप मानतात.

अक्षरखेळ

वाचनखूण साठवली. बाई, हे सगळं एकत्र कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

येवलेकर

सगळा धागा वाचला. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

'मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही' हे रडगाणं मी जन्मापासून ऐकतोय. हे म्हणणारे सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेलेत का कधी? पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा असतात आणि त्यापुढे उभी राहिलेली माणसं मोलमजुरी करणारी असतात. लेकरं कडेवर, हातात पिशवी आणि पिशवीत पुस्तकं. आमच्या येवल्याला १३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर लोक येतात, बाबासाहेबांची १९३५ ची धर्मांतराची घोषणा इथलीच, तिथेही पुस्तकांची दुकानं लागतात. तिथे प्रकाशन समारंभ नसतो, शाल नसते, सूत्रसंचालन नसतं. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकेपासून जाडजूड ग्रंथापर्यंत सगळं जातं.

का जातं? कारण त्या माणसाला ते पुस्तक आपलं वाटतं. आपल्या आयुष्याशी त्याचा संबंध आहे हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. वामनदादा कर्डक आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांचं गाणं मार्केटिंगनं पोचलं का? ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यात ते उभे राहून गायले.

आता भाऊ, तुमची कादंबरी लासलगावची. हमालाची, लिलावाची. आणि तुम्ही विचारताय नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या वाचकापर्यंत ती कशी न्यावी! जिल्ह्यातल्या कांदा लावणाऱ्या माणसाला त्याच्याच बाजारावर कादंबरी आलीय हे कळणार कधी? निफाड, चांदवड, येवला, पिंपळगाव बसवंत. प्रत्येक गावात शिकलेली पोरं आहेत, शिक्षक आहेत, कृषी सेवा केंद्रात बसणारे पदवीधर आहेत. तिकडे का नाही?

नाठाळ

येवलेकरांना पूर्ण अनुमोदन. (नोंद घ्या, मी सहमत झालोय.)

निफाडी

येवलेकर, खरं सांगू? तिकडे जायला भीती वाटते. कादंबरीत एक आडत्या आहे, बाजार समितीचा एक संचालक आहे. माणसं कल्पित आहेत, पण तिथला प्रत्येक जण स्वतःला शोधणार. "हा आमच्या मामावर लिहिलाय" असं कुणीतरी म्हणणारच. पुण्या-मुंबईचा वाचक निदान तसं म्हणणार नाही.

येवलेकर

म्हणू द्या की. शोधतील म्हणजे वाचतील.

नाठाळ

आणि चुका तिथेच काढतील. उन्हाळ कांदा कुठल्या महिन्यात चाळीत भरला, ट्रॅक्टर कुठल्या रांगेत लागला, तोलाई (माल तोलण्याची मजुरी) कुणी भरली, यात एक जरी गफलत झाली असली तरी लासलगावचा वाचक पुस्तक मिटून ठेवेल. पुण्याचा समीक्षक त्याच चुकीला 'ग्रामीण वास्तवाचं जिवंत चित्रण' म्हणेल. छापायला जायला अजून दिवस असतील तर एखाद्या हमालाला आणि एखाद्या आडत्याला लिलावाची प्रकरणं वाचून दाखवा. याला प्रचार म्हणा नाहीतर मुद्रितशोधन म्हणा. पुस्तकात खोट असेल तर तुमचं रील, भिशी, वाण काही वाचवणार नाही.

पुस्तकविक्या

हा माणूस सहमत झाल्यापासून जास्तच कामाचं बोलायला लागलाय.

निफाडीसाहेब, वर्तमानपत्रांचं राहिलं. परीक्षणासाठी सरसकट प्रती पाठवू नका, दोन प्रती पाठवायच्या आणि 'साभार पोच'मध्ये एक ओळ यायची. पाठवायचीच तर शेतीवर, बाजारावर लिहिणाऱ्या माणसाला त्याच्या नावानं पाठवा. साहित्य पुरवणीपेक्षा शेतीच्या पानावर आलेली चार ओळींची दखल तुमच्या पुस्तकाला जास्त वाचक देईल. दिवाळी अंकाला एखादं प्रकरण देता आलं तर तेही बघा. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून कितीतरी लेखक लोकांना पहिल्यांदा अंकातच भेटलेत. पण अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, ऑगस्टमध्ये फोन करून उपयोग नाही.

टपालखाते

सेवेत होतो म्हणून टपालाचं सांगतो. हातानं विकायचं ठरवलंत तर बाहेरगावी पाठवणं आलंच आणि तिथेच नफा जातो. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. माल रस्त्या-रेल्वेनं जातो, म्हणून थोडा वेळ लागतो, पण त्याचा माग काढता येतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं आणि आत जाहिरातीची पत्रकं घालायची नाहीत. २४० पानी पुस्तक वेष्टनासह ३०० ग्रॅमच्या वर जाऊ शकतं, म्हणून किंमत सांगण्याआधी एक प्रत बांधून वजन करून घ्या. काउंटरवरच्या पोराला सेवेचं नाव माहीत नसेल तर नाव दोनदा घ्या, चिडू नका.

कोथरूडी

पुण्यात डिसेंबरात पुस्तक महोत्सव असतो, फर्ग्युसनच्या मैदानावर. प्रकाशक पुण्याचा आहे तर त्याच्या स्टॉलवर एक दिवस येऊन बसा. सही करायला पेन आणा, मी घेतो एक.

पुस्तकविक्या

स्टॉलवर बसायचं तर खुर्चीवर बसून मोबाइल बघू नका, एवढं सांगतो. २०२१ च्या डिसेंबरात आपल्या आडगावच्या साहित्य संमेलनात मी हेच पाहिलं. लेखक स्टॉलच्या आत मान खाली घालून आणि वाचक बाहेरून मुखपृष्ठं बघत पुढे. उभं राहा, "काय वाचता?" एवढं विचारा. तुमचं पुस्तक त्याला जमणारं नसेल तर शेजारच्या स्टॉलवरचं दाखवा. असा माणूस फिरून परत येतो.

निफाडी

मंडळी, थोडी खबरबात.

मुखपृष्ठाचा कणा बदलून घेतला. प्रकाशक आधी कुरकुरले, मग म्हणाले पुढच्या पुस्तकांनाही असंच करू. मलपृष्ठावरून माझा फोटो गेला आणि लिलाव आला.

नाठाळ यांचं ऐकून लिलावाची दोन प्रकरणं लासलगावात वाचून दाखवली. लिलाव बंद होते त्या दिवशी, एका ओळखीच्या आडत्याच्या गाळ्यावर. तीन हमाल, दोन मापारी आणि तो स्वतः. तोलाईच्या जागी त्यांनी मला थांबवलं आणि बराच वेळ आपापसातच वाद घातला, त्यातून मला एक अख्खा नवा परिच्छेद मिळाला. छपाई आठ दिवस पुढे गेली. त्यातल्या एकानं विचारलं, "हे पुस्तक आल्यावर कुठं मिळंल?" त्याला द्यायला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे. गावातलं एक स्टेशनरीचं दुकान प्रती ठेवायला तयार आहे. कमिशन २० टक्के म्हणतोय, म्हणजे पुस्तकविक्यांपेक्षा बरंच कमी.

समारंभ घरच्यांसाठी करणार, पण घरातच, वडे घरचे. हॉलचे वाचलेले पैसे गाडीखर्चाला. ग्रंथपालबाई, तुमच्या वाचनालयात यायला आवडेल, निरोप पाठवलाय. पेटीवाली ताई, भिशीची अट मान्य. पुकारण्याचं पहिलं रील पुतण्यानं केलंय. त्यात मागून एक माणूस "ओ भाऊ, बाजूला व्हा, गाडी येऊ द्या" असं ओरडतोय, ते काढायचं की ठेवायचं?

अक्षरखेळ

ठेवायचं!! विचारताय काय!

पेटीवाली

ठेवा ठेवा. आणि भिशीसाठी बारा प्रती धरा, पूर्ण किमतीला. सवलत मागणार नाही, पण बांधणी नीट असू दे, गेल्या वेळच्या पुस्तकाची पानं सुटी झाली होती.

पुस्तकविक्या

२० टक्क्यांत त्या दुकानदाराला परवडतं कारण तो पुस्तकांवर जगत नाही, वह्यांवर जगतो. असो. प्रकाशकाकडून माझ्याकडे वीस प्रती येऊ द्या, कणा बघून घेतो.

नाठाळ

एक राहिलं. करारात ऑडिओबुकचे आणि ई-पुस्तकाचे हक्क कुणाकडे आहेत ते पाहिलंत का? लिलावाची पुकार ऐकायला लोक पैसे देतील आणि ते पैसे पुण्याला जातील.

निफाडी

कलम बघतो. 'सर्व माध्यमांतील हक्क' असं काहीतरी आहे, मुदत लिहिलेली दिसत नाही.

नाठाळ

मग दुसऱ्या आवृत्तीच्या आधी तेवढं लिहून घ्या. आणि माझ्यासाठी एक प्रत ठेवा. ३५० ची, ३०० ची नको.